हळिवाचा डबा आणि हद्दीवरचा शेरा

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

सकाळी १० वाजून ४० मिनिटे. वेळ खिडकीवरच्या घड्याळात बघून तिथल्या तिथे तळहातावर पेनाने लिहून घेतली. या मिनिटाला हद्दीवरच्या एका कारकुनाने माझ्याविषयी सरकारी कागदावर खोटं लिहिलं.

आता दुपारचे चार. कुवेतमध्ये, फहाहीलला घरी परत.

क्रमाने लिहिते. मेघनाला सोमवारी मुलगी झाली, सौदीत, खोबरला. सिझेरियन. जावई समुद्रातल्या रिगवर, तेवीस तारखेपर्यंत सुटका नाही. लेक तीन दिवसांच्या बाळाबरोबर एकटी, शेजारची मल्याळी बाई डबा देते म्हणून जेवते. मला विमान बंद. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायूचा बुडबुडा सोडलाय, तो विरेपर्यंत उडायचं नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. राहिला रस्ता. व्हिसा होता, मुलाची, निनादची, गाडी होती, निनादने रजाही काढली होती. मोठ्या चौकीवर गाड्यांची रांग, म्हणून त्याने आतल्या रस्त्याने लहान चौकीवर नेलं. एक बैठी इमारत, दोन खिडक्या, पत्र्याची शेड, मागे मेंढ्यांचा गोठा. मेंढ्या आमच्या आधी पार झाल्या.

कुवेतची बाजू पाच मिनिटांत उरकली. मग पलीकडची खिडकी. कारकून तिशीचा, दाढी कोरलेली, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. सामान उघडा म्हणाला. उघडलं. दोन डबे निघाले. दोन्ही दुधाच्या पावडरीचे, वर गुबगुबीत बाळाचं चित्र. एकात हळिवाचे लाडू, दुसऱ्यात अर्धा किलो कोरडे हळीव.

"इथे दूध लिहिलंय. आत दूध कुठे आहे?"

आता त्याला कसं सांगायचं, की आमच्या घरात डब्यावर लिहिलेलं असतं ते आत कधीच नसतं. बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा, आइस्क्रीमच्या डब्यात आंबोळीचं पीठ. तीन पिढ्या आम्ही असेच जगलो, कोणी फसलं नाही.

म्हटलं, बी आहे, बाळंतिणीला देतात. कसलं बी? नाव सांगा. मला अरबीत 'प्रतिज्ञापत्र' येतं, 'कुलमुखत्यारपत्र' येतं, 'भाडेकराराची मुदत' येते. मिरकाबच्या ऑफिसात चोवीस वर्षं वकिलांचे कागद टाइप केलेत. हळीव टाइप करायची वेळ कधी आली नाही.

त्याने कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं. माझ्यापुढे रांगेत कोकणातला एक वेल्डर होता, गुहागरकडचा, पन्नाशीचा, शुऐब्याहून कामावर निघालेला. त्याची मेतकुटाची पुडी नुकतीच त्याच पिंपात गेली होती. मला हळूच म्हणाला, "टाका वो काकी, टाकलं की सुटलं. आपन कशाला बोलायचं?" आईने दिलेलं मेतकूट. वळून बघितलंसुद्धा नाही त्याने. बघवलं नसेल.

मग एक छापील कागद पुढे आला. सही करा. पाय घट्ट रोवून वाचला. 'या डब्यांत मनाई असलेलं बियाणं आहे हे मला मान्य असून मी ते स्वखुशीने टाकून देत आहे.' एका वाक्यात दोन थापा. म्हटलं, उघडा, वास घ्या, वजन करा, प्रयोगशाळेत पाठवा, मी इथे बसते. सही मात्र करणार नाही.

निनाद कानाशी: "आई, कर ना सही. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी हातावर पट्टी मारून शिकवलंय: न वाचता सही नाही, आणि वाचून खोटं वाटलं तर मुळीच नाही.

कारकुनाने खांदे उडवले, दुसरा कागद ओढला, दोन ओळी खरडल्या, संगणकात काहीतरी बडवलं. कागदाची प्रत माझ्याकडे सरकवली. हाताने खरडलेलं मला वाचता येणार नाही अशी त्याची खात्री होती. वाचली.

'प्रवाशाने तपासणीस नकार दिला. परत.'

नकार? मी? जी बाई वजनकाटा मागत होती ती? विचारलं तर म्हणाला, शेरा निघाल्याशिवाय पुढच्या वेळीही प्रवेश नाही. रूह, मामा, रूह. म्हणजे चालू लागा; 'मामा' म्हणजे इथे आजीबाई.

कुवेतच्या खिडकीवरचा माणूस बाहेर पडल्याचा शिक्का रद्द करताना हसला. इतक्यात आलात?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मेघनाचा फोन. आधी ती रडली, मग बाळ रडलं, मग दोघी. शेवटी म्हणाली, "आई, एक सही केली असतीस तर आत्ता इथे असतीस."

खरं आहे. हे इथेच लिहीन. तिला कबूल करणार नाही.

रात्रभर टाके दुखत होते म्हणे. उठून पाणी घ्यायलाही भिंत धरावी लागते. मी इथे, दोन डबे फ्रिजमध्ये.

निनादने दुपारी त्यातले चार लाडू खाल्ले. विचारलं, तू कधी बाळंत झालास? "टेन्शन आलं की भूक लागते गं."

शनिवार, ८ नोव्हेंबर

आजचा दिवस माझा.

सकाळी फहाहीलच्या बाजारात, मसाले आणि जडीबुटी विकणाऱ्या म्हाताऱ्या येमेनी माणसाच्या दुकानात. पदराच्या गाठीतून चिमूटभर हळीव काढून त्याच्या तळहातावर ठेवले. विचारलं, हे काय आहे?

त्याने चष्मासुद्धा लावला नाही. "हब्ब रशाद. घरात कोण बाळंत झालंय?"

मी स्टुलावर बसले.

मागच्या फळीवर बरणीभर रशाद. इथून तिथपर्यंत सगळ्या अरबी घरांत बाळंतिणीला देतात, खजूर आणि तुपात शिजवून, चाळीस दिवस. त्याच्या आईने त्याच्या बायकोला दिलं, त्याच्या बायकोने सुनेला. मी म्हटलं, आम्ही नारळाच्या पाण्यात भिजवतो, ओलं खोबरं आणि गूळ घालून लाडू वळतो. तो दुखावला. "खोबरं? खोबऱ्याचं काय काम?" वाद घातला दहा मिनिटं. फार बरं वाटलं.

अठ्ठावीस वर्षं या देशात काढली आणि पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत हळीव कोंबून आणवले. दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर. हा माझा मूर्खपणा. नोंद करून ठेवते, कारण उद्या दुसऱ्याच्या मूर्खपणाची नोंद करायची आहे.

छापील चिठ्ठी लावलेलं सीलबंद पाकीट घेतलं. अरबीत नाव, वजन, सगळं.

रविवार, ९ नोव्हेंबर

पत्र टाइप केलं. अरबीत, एक पान, तीन परिच्छेद. पहिल्यात काय घडलं. दुसऱ्यात काय लिहिलं गेलं. तिसऱ्यात ते का खोटं आहे आणि मला काय हवं. विशेषणं सगळी काढून टाकली. रागीट पत्रातून विशेषणं काढली की ते धारदार होतं, हे मला मिरकाबच्या एकाही वकिलाला पटवता आलं नाही.

नात इरा मागे उभी राहून बघत होती. बारा वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर. "आजी, जस्ट ईमेल देम."

म्हटलं, ईमेल उघडतंच असं नाही. कागद हातात दिला की माणसाला तो कुठेतरी ठेवावा लागतो.

"यू आर सो एक्स्ट्रा, आजी."

याचा अर्थ तिच्या आईला विचारला. रेवती म्हणाली, "जरा जास्तच असं." मग तिनेच बँकेतून येताना चांगला जाड कागद आणला होता तो काढून दिला. सूनबाई बोलत नाही, करते.

सोमवार, १० नोव्हेंबर

भांडण. निनाद दुसरी रजा काढायला तयार नाही.

"आई, तिथे जाऊन तू बोलणार. तू बोललीस की ते चिडणार. इथे राहायचा तुझा इकामा माझ्या नावावर आहे, कळतंय का? उद्या माझ्यावर आलं तर? चौकशी लागली तर?"

"नऊ महिने तू माझ्या इकाम्यावर होतास. मी कुणाला घाबरून सोडलं नाही तुला."

इरा हसली. निनाद नाही हसला. त्याची भीती खोटी नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाच्या मानेला एक कायमचा बाक येतो, त्याच्या बाबांनाही आला होता. पण तो बाक मी घरात येऊ दिला नव्हता.

संध्याकाळी मेघनाचा फोन. ताप एकशे एक. दूध साठून छाती दगडासारखी, बाळ धरत नाही. "आई, मला काही जमत नाहीये." एवढंच. रडलीही नाही या वेळी. त्याचीच जास्त भीती वाटली. शेजारणीला फोन करून तिला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं.

निनादने फोन स्पीकरवर ऐकला. उठला, बाल्कनीत जाऊन साहेबाला फोन केला. आत आला. "उद्या साडेसहाला निघायचं. एक अट. ओरडायचं नाही."

म्हटलं, मी आयुष्यात ओरडलेले नाही. मी स्पष्ट बोलते.

नारळ फोडले. ताजे लाडू, पंचेचाळीस.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खोबर. दुपारचे अडीच. बाळ माझ्या उजव्या मांडीवर, वही डाव्या. म्हणून अक्षर असं.

सावकाश लिहिणार आहे. आजचा एकही क्षण सुटता कामा नये.

तीच चौकी, तीच खिडकी, तोच कारकून. मोबाइल त्याच बाटलीला टेकलेला. मला बघून म्हणाला, "फिर आया, मामा?"

पत्राच्या दोन प्रती पुढे ठेवल्या. अरबीत सांगितलं: एक तुमची, दुसरीवर पोच द्या. तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक.

"कसला क्रमांक?"

"सरकारी कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदाला असतो तो. आवक नोंदवही काढा."

त्याने निनादकडे बघितलं. निनादने छताकडे. मग तो आत गेला. खोकी सरकवल्याचे आवाज. दहा मिनिटांनी आला, हातात जाड हिरवी वही, वर प्लास्टिकचं वेष्टण जसंच्या तसं. चौकी उघडल्यापासून या माणसांना कोणी कागद दिला नव्हता! आलेले सगळे माझ्या त्या गुहागरच्या वेल्डरसारखे, टाकून सुटणारे.

वेष्टण मी फोडलं. पानावर रकाने कसे आखायचे ते त्याला सांगितलं. आवक क्रमांक एक. माझं नाव. विषय: खोटा शेरा रद्द करणे.

शिक्का उमटेना, शाई वाळलेली. मी पर्समधून माझं स्टॅम्प पॅड काढलं. निनादने डोळे मिटून घेतले. चोवीस वर्षं ऑफिसला नेलं, निवृत्तीनंतर पर्समधून काढायचं राहून गेलं होतं, झालं.

मग म्हटलं, तुम्ही लिहिलंय मी तपासणीस नकार दिला. मी हजर आहे. आता करा तपासणी. सगळी. माझ्यासकट.

बायकांची तपासणी बाजूच्या खोलीत. तिथे उम्म सालेम. साठीची, काळा अबाया, पायात कापडी चपला, शेजारी चहाचा थर्मास. तिने आधी मला खुर्ची दिली. डबे आणि येमेन्याकडचं सीलबंद पाकीट टेबलावर ठेवलं. या खेपेला डब्यांवरच्या बाळावर पांढरा कागद चिकटवून तीन भाषांत लिहून आणलं होतं आत काय आहे ते. तिने वाचलं नाही. झाकण उघडलं, नाक आत घातलं.

"या अल्लाह. रशाद."

एक लाडू उचलला, फोडला, बोटांत चुरून बघितला, खाल्ला. खाताना माझ्याकडेच बघत होती. विचारलं, कोण बाळंत? म्हटलं, मुलगी. आठ दिवस झाले. ताप आहे. एकटी आहे. पाच दिवसांपूर्वी याच डब्यासाठी मला परत पाठवलं.

ती उठली. दार उघडून उभी राहिली आणि खिडकीकडे तोंड करून जे बोलली त्याला मी बोलणं म्हणते, निनाद ओरडणं म्हणाला असता. "अरे ए! तुझ्या आईने तुझ्या वेळी चाळीस दिवस हेच खाल्लं, मीच शिजवून दिलं होतं! ते खाऊन तू निपजलास, म्हणून बंदी घातलीस का रशादवर?"

शेडमधले दोन ट्रकवाले हसले. मेंढ्या आणणारा माणूस तर खाली बसला. कारकून कानापर्यंत लाल. उम्म सालेम त्याची चुलत मावशी की मामी, काहीतरी निघाली. लहान चौकीचा हा फायदा.

गोंगाट ऐकून आतून साहेब आला. त्याला 'रईस' म्हणतात, पिकल्या मिशा, चष्मा कपाळावर. माझं पत्र उभ्याने वाचायला लागला. दुसऱ्या परिच्छेदाला बसला. संपल्यावर विचारलं, हे कोणी लिहिलं?

"मी."

"वकील आहात?"

"नाही. वकिलांच्या चुका दुरुस्त करायचे."

तो हसला नाही, पण चष्मा डोळ्यांवर घेतला. मी त्याला पिंप दाखवलं. विचारलं, यात काय टाकायचं आणि काय नाही याची यादी कुठे आहे? भिंतीवर नव्हती. टेबलाच्या खणात नव्हती. त्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, अंदाजाने. मी साहेबांना म्हटलं, हा शब्दही लिहून घ्या. पिंपात मला वरूनच दिसत होतं: केरळकडच्या बाळंतिणींसाठीच्या चाटणाची बरणी, कुणाची तरी पंजिरी, लोणच्याच्या बाटल्या. एवढ्या बायांनी हाताने केलेलं, आणि एकीलाही कागद वाचता आला नसेल.

साहेबाने पिंपात वाकून बघितलं. मग म्हणाला, संगणकातला शेरा मुख्य कचेरीतूनच काढता येतो, माझ्या हातात नाही. पण माझ्या सहीने एकदाचा प्रवेश देता येतो. पंचवीस तारखेपर्यंत. चालेल?

म्हटलं, आज चालेल.

सही, शिक्का. माझ्याच पॅडवर. उम्म सालेमने चार लाडू रुमालात बांधून घेतले, खोबऱ्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. आणि दोन्ही डबे गाडीपर्यंत कोणी आणले? कारकुनाने. एकेका हातात एकेक, छातीशी धरून. डिकीत ठेवताना मला मावशी करून म्हणाला, "खाला, सावकाश जा."

पंधरा मैलांवर निनादने आरशात मागे बघितलं. मग स्टेअरिंगवर एकदम हात आपटून इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. "आवक क्रमांक एक! आई!" डोळ्यांतून पाणी. किती वर्षांनी हसला असा.

बाळ जागं झालं. पुढचं नंतर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ताप उतरला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, शेक मी दिला. बाळाने सकाळी सव्वासहाला नीट धरलं. वेळ याही गोष्टीची लिहून ठेवते.

मेघना दोन लाडू खाऊन झोपली, सलग चार तास. उठल्यावर म्हणाली, "शुक्रवारी मी तुला बोलले ते..."

"काय बोललीस? मला आठवत नाही."

"खोटं बोलतेस."

"सही कुठे केलीये मी त्याखाली?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बारसं. पाळणा म्हणजे दोन खुर्च्यांना बांधलेली माझी जुनी सुती साडी. शेजारच्या मल्याळी बाईने पायसम केलं, मी हळिवाची खीर. जावई रिगवरून व्हिडिओवर, मागे यंत्रांचा घोंघाट. त्याला सुचलेलं नाव: सीमा. "आईंनी गाजवलेल्या पराक्रमाची आठवण म्हणून."

म्हटलं, पोरीला जन्मभर एका कारकुनाची आठवण वाहायला लावायची नाही. ओवी ठेवलं. निनाद फोनवरून म्हणाला, मान आत्याचा, पण ती नाही तर मामाला तरी कानात नाव सांगू दे. तर फोन बाळाच्या कानाला लावला. ती शिंकली.

मुलगी माझ्यासारखी नाक उडवते. मेघना म्हणते, पोटात वायू आहे. बघू.

सोमवार, १७ नोव्हेंबर

निनादचा फोन, आवाजात दिवाळी. चौकीवरून त्याला फोन आला होता. "काढला शेरा! झालं, आई. जिंकलीस. आता विषय संपव."

विचारलं, कागद?

"कागद कशाला? तो स्वतः बोलला."

नंबर घेतला, चौकीला लावला. कारकूनच आला. फार गोड. हिंदीत: "खाला, गलती हो गया. खलास. स्क्रीन साफ. मैं बोल रहा हूँ ना."

मी म्हटलं, बेटा, लिहिताना तू कागदावर लिहिलंस, पुसताना फोनवर का पुसतोस?

त्याने आवाज खाली आणला. मग: "काग़ज़ देने से साहेब को ऊपर जवाब देना पड़ेगा."

आता खरं कारण बाहेर पडलं. पुसलं की नाही हे कळायचा मार्ग नाही. लेखी दिलं तर चूक झाली हे कोणाला तरी मान्य करावं लागेल, म्हणून तोंडी गोडवा. माझ्या बाबतीत एवढा गोडवा, तर त्या वेल्डरला कोण फोन करणार आहे? त्याला तर आपल्यावर अन्याय झाला हेच माहीत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मेघना म्हणते, सोड आता, आई. मी आहे ना इथे, आपण भेटलो ना.

भेटलो, एका सहीवर. ती सही पंचवीसला संपते. माझ्या डोळ्याची तपासणी कुवेतला त्याच दिवशी, चुकवता येत नाही. म्हणजे चोवीसला मला हद्द ओलांडून जायचंच आहे. जावई येतो तेवीसला आणि आठवड्याने परत जातो. ओवी तेव्हा चार आठवड्यांची. मेघना पुन्हा एकटी, चाळीस दिवस पुरे व्हायचे आहेत, आणि मी परत येते म्हणून शब्द दिलाय. शेरा तिथेच असला तर खिडकीवर दुसरा कारकून असेल, उम्म सालेमची सुट्टी असेल, आणि मी पुन्हा मेंढ्यांच्या मागे उभी.

बाहेर पडणं सोपं आहे. परत आत येण्याचा कागद हवा.

दुपारभर बसून मसुदा केला. अरबीत उतरवून उद्या मेघनाच्या शेजारणीच्या नवऱ्याबरोबर पाठवते, तो ट्रकच्या कामाने त्याच रस्त्याने जातो. एक प्रत साहेबाला, एक वरच्या कचेरीला. मसुदा इथे उतरवून ठेवते.

माननीय महोदय,

आपल्या चौकीच्या आवक क्रमांक एकचा संदर्भ घ्यावा. सदर पत्रावर आजवर लेखी उत्तर मिळालेलं नाही. दूरध्वनीवर मिळालेली दिलगिरी मी ऐकली. ती चांगल्या मनाने दिलेली होती, हेही नमूद करते. पण माझ्याविरुद्धचा शेरा लेखी आहे, आणि जे लेखी आहे ते लेखीच रद्द व्हावं लागतं.

मला तीन वाक्यांचं पत्र हवं आहे. तपासणीस नकार दिल्याचा शेरा खोटा होता. तो काढून टाकला आहे. या प्रवाशाला यापुढे त्या कारणाने अडवलं जाणार नाही. खाली नाव, हुद्दा, सही, शिक्का, जावक क्रमांक. जावक नोंदवही नसेल तर तसं कळवावं, मी येताना रेघा आखून घेऊन येईन.

याशिवाय, पिंपात कोणत्या वस्तू टाकायच्या याची यादी भिंतीवर अरबी, इंग्रजी आणि हिंदीत लावावी, आणि ज्या कागदावर माणसाची सही घेता तो त्याला समजेल अशा भाषेत आधी वाचून दाखवावा. हे मी माझ्यासाठी मागत नाही, मला वाचता येतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर रोजी सकाळी मी आपल्या चौकीवरून बाहेर जाणार आहे आणि पुढच्या आठवड्यात आपल्याच चौकीवरून आत येणार आहे. माझी नात माझी वाट पाहते. तिला तारखा समजत नाहीत, मला समजतात.

तरी आपलं लेखी उत्तर रविवार, २३ नोव्हेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या मुलीच्या पत्त्यावर पोचावं. फोन केल्यास तो उत्तर म्हणून धरला जाणार नाही.